हात म्हणजे हात

जगात सासरे पुष्कळ प्रकारचे असतात. कोणी तापट, कोणी चिकट, कोणी जावयाला दिवाळसणाला अंगठी घालणारे, कोणी नुसतंच "पुढल्या वर्षी बघू" म्हणणारे. पण जावयाच्या घराचा उंबरा ओलांडल्यावर त्याच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या मोरीकडे बघणारा सासरा अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो देवानं माझ्या पदरात टाकला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, छाती पुढे काढून सांगतो आहे. तळेगावच्या शाळेत मला नोकरी लागली आणि वडिलांच्या घरात जागा पुरेना म्हणून आम्ही तिथंच भाड्याचं नवं बिऱ्हाड केलं, तेव्हा ते लोणावळ्याहून पहिल्यांदा घर बघायला आले. मी धुवट धोतर नेसून दारात उभा, ही आत शिऱ्यावर तूप सोडते आहे, आणि मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) माझ्या खांद्यावरून न्हाणीघराकडे बघत म्हणाले, "जावईबापू, पाणी रेंगाळतंय तुमच्याकडे." मला वाटलं, शिरा होईपर्यंत तरी मोरी थांबेल. मी "बसा, पाणी आणतो" म्हणेपर्यंत त्यांनी टोपी खुंटीला अडकवून धोतराचा काचा मारला होता. शिरा गार झाला. मोरी मात्र त्या दिवसापासून अशी वाहू लागली की आमचे घरमालक शेजारच्या भाडेकरूंना ती दाखवायला घेऊन येत.

मामा लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. उंच, सडसडीत, नाक पुढे आलेलं, अंगात काळा कोट. कोट कायम इस्त्रीचा, पण त्याच्या उजव्या बाहीचं बटण मी कधी लावलेलं पाहिलं नाही. कधी कुठून बोलावणं येईल आणि बाही वर सारावी लागेल याचा नेम नसे. कारण लोणावळ्यातल्या मोऱ्या हा त्यांनी आपण होऊन पत्करलेला संसार होता. तिथला पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. चार महिने आभाळ जमिनीवर टेकलेलं असतं, आणि घरात न्हायलेलं, धुतलेलं, सांडलेलं सगळं पाणी भिंतीतल्या मातीच्या नळातून मागच्या अळवात जायचं म्हणजे त्याला वाट मोकळी पाहिजे. वाट बंद झाली की बाई कपाळाला हात लावते, बुवा शेजाऱ्याकडे आंघोळीला जातो आणि कोणीतरी म्हणतं, "धक्क्यावरच्या कारकुनांना बोलवा." मग मामा येत. त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असे आणि त्या पिशवीत त्यांची हत्यारं.

ती हत्यारं आणि त्यांची नावं सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. एक वेत होता, तेल पाजून पाजून लवचीक केलेला. त्याचं नाव समजूतदार, कारण तो नळाच्या बाकातून न चिडता वळत असे. बांबूची एक पातळ कामटी होती, तिला ते धाकटी म्हणत, कारण ती कुठंही शिरायची. सिग्नलच्या मोडीत निघालेल्या तारेचा पीळ दिलेला तुकडा होता, तो फौजदार. छत्रीची एक काडी होती, टोकाला आकड्यासारखी वळवलेली. आत काय दडलंय ते ही ओढून चव्हाट्यावर आणते म्हणून ती चुगलखोर. आणि मोटारीच्या जुन्या ट्यूबचं रबर लाकडी दांड्याला ठोकून केलेला एक दट्ट्या होता. त्याचं नाव व्याही. हा तोंड गच्च धरून बसतो, ओढायला गेलं की भलताच आवाज करतो, पण शेवटी काम करून देतो, असा त्यांचा खुलासा होता. माझ्या लग्नानंतर माझ्या वडिलांच्या देखत मात्र ते त्याला नुसतं "ते रबर" म्हणत.

पण हत्यारं असणं वेगळं आणि कुठलं कधी काढायचं हे कळणं वेगळं. मोरी तुंबली की दहांतले नऊ लोक हाताला लागेल ती काठी घेतात आणि आतून कोंबत सुटतात. मामांना ते बघवत नसे. "अहो, तुंबा बाहेर काढायचा असतो, पुढच्या नळाच्या गळ्यात घालायचा नसतो," असं म्हणून ते आधी त्या गृहस्थाच्या हातातली काठी काढून घेत. मग मोरीच्या काठाशी उकिडवं बसून एक तांब्या पाणी ओतत आणि बघत राहत. पाणी रेंगाळतं का, परततं का, की ठाण मांडून बसतं. रेंगाळलं तर ते तुपातेलाचं दुखणं. त्याला हत्यार लावायचं नाही, उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा द्यायचा आणि गप्प बसायचं. फिरून वर आलं तर केसांचा गुंता, तिथं चुगलखोर. ठाण मांडलं तर भांडी घासायची राख आणि काथ्या यांची जमलेली वडी. तिला आतून हात लावायचा नाही, मागच्या दारी जाऊन अळवाच्या बाजूनं समजूतदारला पाठवायचा. फौजदार अगदी शेवटी, आणि तोही नळ जुना नसेल तरच. घाईघाईनं फौजदार काढून नळ फोडून घेतलेल्या एका वकिलांना त्यांनी ऐकवलं होतं, "तुम्ही कोर्टातसुद्धा पहिल्या तारखेलाच आरडाओरडा करता का?"

मोरीवरून ते घर ओळखत. केसांचा गुंता लांब निघाला की म्हणत, "लेकी माहेरपणाला आल्यात वाटतं." शिकेकाई कमी आणि साबण जास्त दिसला की त्या घरी मुंबईची सून आली आहे हे त्यांना पूजेचं आमंत्रण येण्याआधी कळे. पण जे दिसलं ते त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. बाजारापलीकडे एक अतिशय कर्मठ घर होतं. कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर. तिथल्या मोरीत एकदा मामांनी चुगलखोर घातली आणि ओढली, तर अंड्याची टरफलं. घरातले आजोबा सोवळ्यात मागेच उभे. थोरल्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडला, कारण धाकट्या दिराला डॉक्टरांनी ताकदीसाठी दिलेला खुराक ती आजोबांची पाठ फिरली की न्हाणीघरात उकडत असे. आजोबांनी विचारलं, "काय आहे हो ते?" मामांनी टरफलं मुठीत चुरली आणि म्हणाले, "भिंतीचा चुना सुटतोय. एकदा हात फिरवून घ्या." आजोबांनी खरोखरच गवंडी बोलावला. पुढे तो दीर चांगला धडधाकट होऊन रेल्वेत लागला, आणि प्रत्येक सणाला त्या घरातून मामांकडे झाकलेलं ताट येत राहिलं. ते का येतं हे मामांनी सासूबाईंनासुद्धा कित्येक वर्षं सांगितलं नाही.

माझ्या पहिल्या दिवाळसणाला या माणसानं मला अंगठी दिली नाही, कामटी दिली. पाडव्याच्या सकाळी फराळ झाल्यावर "चला, जरा जाऊन येऊ" म्हणून गाडीनं कामशेतला उतरवलं आणि नवं धोतर नेसलेल्या जावयाला बांधाबांधावरून चालवत वडिवळ्याला नेलं. तिथं त्यांच्या ओळखीचे एक शेतकरी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या भाताच्या खाचरांच्या कडेला बांबूचं बेट होतं. आबांनी माझ्यासमोर घोंगडं अंथरलं आणि मला नखशिखान्त न्याहाळलं. "जावई न्हवं ह्ये? बसा की. दिवाळीचं लय लांब आनलं ओ तुमाला." मामा तोवर बेटात शिरून एकेका बांबूला टिचक्या मारत होते. जून नको, कोवळा नको, पेरं लांब हवीत. आबा बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "येक इचारू? मोरी साफ करायला यवडं निवडून कशाला? आमच्याकडं मोरीच न्हाई. पानी आपलं जातंय त्याला जायचं तितं." मामांनी हे ऐकलं आणि बेटातूनच उत्तर दिलं, "आबा, तुमी खाचराची मोरी फोडताना कुदळ कुटं मारता?" आबा म्हणाले, "पानी कुटं दाब धरतंय त्ये बगून." "मग तेच," मामा म्हणाले. यावर आबांनी कोयता आणला आणि दोघं मिळून दुपार होईपर्यंत बांबू निवडत बसले. मी घोंगड्यावर बसून भाताच्या लोंब्या बघत होतो आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपण बऱ्या घरचे जावई झालो आहोत.

आता हे सगळं कौतुकाचं झालं ते नंतर. त्या काळी पांढरपेशा माणसानं मोरीत हात घालणं म्हणजे काय होतं हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. ते काम करणारे लोक वेगळे, त्यांनी यायचं मागच्या दारानं, आणि त्यांच्या सावलीचासुद्धा विटाळ. मामांना या गोष्टीची चीड होती. एरवी मवाळ बोलणारा हा माणूस त्या एका बाबतीत आवाज चढवायचा. "पाणी आपण ओतायचं, घाण आपण करायची आणि वाट दुसऱ्यानं काढून द्यायची, वर त्यालाच लांब उभं करायचं. कुठल्या पोथीत लिहिलंय हे?" असं ते भर ओसरीवर विचारत. पोथी जाणणारे उत्तर देत नसत, कारण त्यांच्याही मोऱ्या मामांनीच उघडलेल्या असत. पाठीमागे मात्र बोलणी होत. त्यांना कोणी मोरीपंत म्हणे, कोणी त्याहून वाईट. ही बोलणी मामांच्या अंगाला लागत नसत. ती लागत सासूबाईंना, कारण घरात लग्नाची मुलगी होती.

सासूबाई ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला कमी. मामांनी मोरी उघडली की त्या दोघांत एकच शब्द होत असे. बाकीचे लोक म्हणतात मोरी मोकळी झाली. मामा म्हणत, "सुटली." आतलं पाणी गडगडत खाली गेलं की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत, "सुटली गं." की आतून बंबात लाकूड सारल्याचा आवाज येई. त्यांच्या आंघोळीचं पाणी तापू लागे. दुसऱ्याच्या घरची मोरी उघडून आले तरी ते आपल्या दारात उभे राहून "सुटली" म्हणत आणि मगच घरात पाऊल टाकत. इतकी वर्षं सासूबाईंनी कधी त्यांना त्या कामावरून टोकलं नाही. पण एका स्थळानं त्यांचा धीर सुटला.

पुण्याचं स्थळ होतं, चांगलं वजनदार. मंडळी संध्याकाळच्या गाडीनं यायची ती दुपारच्याच गाडीनं आली. सासूबाई शेजारी चकलीचा सोऱ्या मागायला गेलेल्या. दार उघडंच. मुलाचे वडील आणि काका थेट आत आले तर न्हाणीघराच्या दारात मुलीचा बाप पालथा पडलेला, उजवा हात कोपरापर्यंत मोरीत. मामांनी मान वळवून पाहिलं आणि पाहुण्यांचा मान राहावा म्हणून तात्काळ उठून दोन्ही हात जोडले. कोपरापर्यंतची राख आणि काथ्या पाहुण्यांच्या उपरण्यावर उडाला. मंडळींनी पोहेही खाल्ले नाहीत. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी नेलीच नव्हती, ती अजून देव्हाऱ्याखाली तशीच होती.

त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, मामांना समोर बसवलं आणि आपल्या गळ्याला बोटं लावून म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत मोरीला हात लावायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हांला." मामांनी पुष्कळ समजावलं. त्या ऐकेनात. गळ्याची शपथ मोडली तर ज्याचा गळा त्याचं काही खरं नाही, असं आपल्याकडे लहानथोर सगळे धरून चालतात. ती सुटायची एकच रीत. ज्यानं घातली त्यानं "सुटली" म्हणायचं. मामा देवाधर्माचं फार मानत नसत, पण बायकोच्या गळ्याशी खेळ करायला त्यांचं मन होईना. त्यांनी मान हलवली. आणि दुसऱ्याच दिवशी त्या शपथेत एक फट शोधून काढली.

शपथ हात न लावण्याची होती. हत्यार लावायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून मामा हात पाठीमागे बांधून मोरीपाशी जात, निरखून बघत, आणि मग चार हात लांब उभे राहून कामटी नाही तर वेत असा चालवत की बोट पाण्याला लागू नये. एका घरी त्यांनी अंगणातूनच खिडकीवाटे बांबू घालून काम केलं. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. सासूबाईंच्या कानावर गेलं. "हातात धरलं ते हातच की हो," त्या म्हणाल्या. "छे," मामा म्हणाले, "हात म्हणजे हात." या एका वाक्यावर त्यांच्यात दिवसचे दिवस खल चालला. ही मला सांगत असे की त्या काळात घरात दुसरा विषयच नव्हता. पोळी तव्यावर टाकताना सासूबाई म्हणत, "म्हणजे उलथनं हातात धरून पोळी उलटली तर ती मी उलटली नाही, असंच ना?" मामा ताटावरून उत्तर देत, "तुला चटका बसला का? नाही ना? मग हात नव्हे."

या अवधीत आमच्याकडून विचारणा गेली. माझे वडील तळेगावातले जुने शिक्षक, बोलायला रोखठोक आणि रीतिभातीला कडक. मुलगी बघायला आम्ही गेलो तेव्हा मामा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मला वाटलं संधिवात असावा. मुलगी पसंत पडली. आमच्या आईनं साखरपुड्याला आपल्या सासूची नथ तिच्या हाती दिली. बसऱ्याच्या मोत्यांची, मधे एक लाल खडा, घरातली एकुलती एक जुनी वस्तू. आई म्हणाली, "अक्षतांच्या वेळी हीच घालायची हो. आमच्याकडची प्रत्येक सून हीच घालून उभी राहिली आहे." सासूबाईंनी ती दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावली. पुण्याच्या स्थळानंतर हे घर हाती लागलं होतं, आणि आता कुठंही काही चुकू नये एवढंच त्यांना हवं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मुंडावळ्या बांधून जानवसघरी बसवलेल्या नवऱ्याला कोणी काही बघू देत नाही. पण हिनं आणि माझ्या वडिलांनी दोन बाजूंनी ते इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथंच होतो असं मला वाटतं. हिला ती नथ इतकी आवडली होती की हळदीच्या न्हाणालाही काढवेना. आरशात एकदा बघून घ्यावी, मग काढू, असं करता करता ती नथ घालूनच न्हाणीघरात गेली. हळद धुताना नाक चोळलं, नथीचा मळसूत्री खिळा ढिला होता, आणि नथ पाण्याबरोबर मोरीत गेली. करवल्यांनी आरडाओरडा केला तेव्हा सगळं लग्नघर न्हाणीघरापाशी गोळा झालं.

मामा आले. जरीकाठी कद नेसलेले, अंगावर उपरणं, कन्यादान करायचा बाप. त्यांनी पहिला हुकूम सोडला की घरात पाण्याचा थेंब कोणी सांडायचा नाही. आचाऱ्यांनी हात राखेनं पुसले, तोंडात विडा असलेले पाहुणे चूळ न भरता बसून राहिले. मग त्यांनी खाकी पिशवी मागवली आणि एकेक हत्यार काढून उन्हात मांडलं. चुगलखोर उचलली आणि खाली ठेवली. मोत्यावर ओरखडा येईल. समजूतदार उचलला आणि खाली ठेवला. तो नथीला पुढे ढकलून अळवातल्या चिखलात घालेल. कामटी तिला मातीत रुतवेल. फौजदाराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. व्याही हातात घेऊन क्षणभर विचार केला आणि तोही ठेवला. त्यानं नथ येईल, पण मोती सुटून येतील. मग ते मोरीला कान लावून बसले आणि उठून म्हणाले, "बाकात आहे. हाताला येईल." आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

कोणाला काही कळेना. सासूबाईंचा भाऊ म्हणाला, "मग घाला की हात, मुहूर्त जवळ आलाय." मामा हलेनात. दुसऱ्या कोणी हात घालतो म्हटलं तर म्हणाले, "बाक डावीकडे आहे आणि नळ पिचलेला आहे. माहीत नसलेल्यानं हात घातला तर नथ गेली." ते सासूबाईंकडे बघत होते. सासूबाई हातात ओटीचं तबक घेऊन उभ्या होत्या, आणि नेमके त्याच वेळी माझे वडील वधूला मांडवात आणायला उशीर का म्हणून स्वतः चौकशीला आलेले, दारात पोचलेले. ज्यांच्यापासून हे सगळं लपवायचं म्हणून शपथ घातली तेच समोर. सासूबाईंनी माझ्या वडिलांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. तबक खाली ठेवलं, गळ्याला बोटं लावली आणि पुटपुटल्या, "सुटली."

"ऐकू आलं नाही," मामा म्हणाले.

"सुटली," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सुटली हो. घाला हात."

कद नेसलेला तो माणूस फरशीवर पालथा झाला. उजवा हात कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल फरशीला टेकलेला, डोळे मिटलेले. हात हळूहळू बाहेर आला तेव्हा तो काळाकुट्ट होता आणि मूठ बंद होती. मामांनी ती माझ्या वडिलांसमोर उघडली. राखेच्या चिखलात नथ, सगळे मोती जागच्या जागी. मामा म्हणाले, "तुमच्या घरची वस्तू. बघून घ्या." माझ्या वडिलांनी ती तशीच, त्या घाणीसकट, आपल्या हातावर घेतली. मग ते जानवसघरी परत आले, माझ्या शेजारी बसले. आपला बरबटलेला तळवा मला दाखवत म्हणाले, "मुलीसाठी बाप खांद्यापर्यंत हात घालतो म्हणजे काय ते आज पाहिलं. या घराला कधी अंतर देऊ नकोस." मामांनी पुन्हा आंघोळ केली, मुहूर्त गाठला, आणि त्याच हातानं कन्यादान केलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की आमच्या तळेगावच्या घरची मोरी फार दिवस त्रास देते आहे, सवडीनं बघाल का. आमच्या घराण्यात कोणाकडे काही मागायची पद्धत नाही, त्यामुळे याचा अर्थ मला बरोबर कळला.

पुढे बरीच वर्षं गेली. युद्ध सुरू झालं, रॉकेल मिळेनासं झालं, मामा नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांच्या बाहीचं बटण उघडंच राहिलं. एका हिवाळ्यात त्यांची छाती भरली. बरे होताच ते पिशवी घेऊन निघाले, तेव्हा सासूबाईंनी दारातच अडवलं. गळ्याला बोटं लावली. "थंडी सरेपर्यंत मोरीला हात नाही. माझ्या गळ्याची शपथ. मी सांगेन तेव्हा." मामा हसले आणि पिशवी खुंटीला लावली. त्या थंडीतच सासूबाई चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. शुद्ध हरपली होती. "सुटली" म्हणायचं राहून गेलं.

मामांनी त्यानंतर मोरीला हात लावला नाही. लोक बोलवायला येत, ते जात, काठाशी बसून पाणी बघत, कुठलं हत्यार कसं चालवायचं ते सांगत, पण उचलत नसत. मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, हात नका लावू, पण वेत घ्यायला काय हरकत आहे? हात म्हणजे हात, हे तुमचंच." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. मग म्हणाले, "हातात धरलं तेही हातच. तिचं बरोबर होतं. मी उगाच वाद घालत होतो." आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

तेव्हापासून लोणावळ्याची मोरी मी उघडतो. शाळेत मुलांना व्याकरण शिकवणारा मी, सुट्टीला सासुरवाडीला गेलो की धोतर खोचून मागच्या अळवात उभा राहतो, आणि याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या पदवीचा नाही. मामा हात पाठीमागे बांधून उभे असतात. "डावीकडे बाक आहे. समजावून घ्या, ढकलू नका." परवा बराच हट्टी तुंबा होता. वेत वळत वळत गेला, आत काहीतरी हललं, आणि पाणी गडगडत खाली आलं. स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, "सुटली का हो?" हिचा आवाज आता अगदी तिच्या आईसारखा येतो. मामांनी दचकून त्या दाराकडे पाहिलं. एरवी ते "झालं" म्हणतात, "सुटली" हा शब्द सासूबाई गेल्यापासून त्यांनी उच्चारला नव्हता.

"मोरी सुटली," ते हळूच म्हणाले, आणि पाठीमागचे हात त्यांनी तसेच राहू दिले. आत बंबात लाकूड सारल्याचा आवाज झाला.